सोनूची सीट

बादलच्या तोंडाला ब्रेक नव्हता. पांढरकवड्याच्या हायवेवर त्याचं गाड्यांच्या वायरिंगचं पत्र्याचं दुकान, आणि गाडी समोर लागली की आधी टोमणा, मग चहा, मग काम. ट्रकवाले त्याला कंटाळायचे, चिडायचे, आणि वायरिंग बिघडलं की मुकाट त्याच्याच दारात येऊन उभे राहायचे. गाडीतला करंट कुठं अडला हे त्याला शोधता यायचं. समोरच्या माणसाचं काय अडलंय, हे मात्र बिचाऱ्याला कधी वेळेवर कळलं नाही.

त्या सकाळी नानाजींची मोठी पांढरी गाडी आली. नागपूरहून सेकंडहँड घेतलेली, बटनावर सीट सरकणारी. नानाजी उतरले ते एक पाय बाहेर टाकून, दाराला धरून, दुसरा पाय हातानं ओढत. सहा फुटी माणूस!

"काहून जी काका, खुराड्यातून कोंबडी निघते तसे निघून राह्यले?" बादलनं सुरुवात केली.

एरवी नानाजी हसले असते. "सीट मागं जात नाही, बादल. बटन मेलं. काल केळापूरजवळ एक म्हातारी आडवी आली, अन् पायच ब्रेकवर उचलला गेला नाही. गुडघा स्टेअरिंगखाली अडकला."

"मंग?"

"वाचली. कशी वाचली ते देवालेच माहीत. आज सीट सरकली नाही तं मी या गाडीले पुन्हा हात लावत नाही."

मागच्या सीटवर त्यांची बायको, विमलताई, बसून होत्या. पुढच्या सीटच्या पाठीवर त्यांचा हात होता. बादल म्हणाला, "काकू, उतरा जरा. मले मागूनच खाली पाहा लागते."

"राहू दे ना बादल. कायले खोलतं? मोटर जळली असंन. इकडं कुठं भेटते ते."

"बाप्पा! कापूस वेचता वेचता मोटरी कवापासून ओळखाले लागल्या तुम्ही?"

विमलताई उतरल्या, पण दाराला धरूनच उभ्या राहिल्या. त्यांच्या पायात लाल पट्ट्यांच्या, टाच थोडी उंच अशा, कॉलेजच्या पोरी घालतात तशा चपला होत्या. बादलला त्या दिसल्या. पण दिसणं वेगळं आणि डोक्यात शिरणं वेगळं.

त्याची कामाची रीत ठरलेली. आधी फ्यूज. फ्यूज धडधाकट. मग तो म्हणाला, "काका, बटन दाबा अन् वरच्या दिव्याकडं पाहा. मोटर जाम असंन तं दिवा मंद होते." नानाजींनी बटन दाबलं. दिवा तसाच लख्ख. म्हणजे मोटरपर्यंत करंट पोचतच नव्हता. खालून कसला आवाजही आला नाही.

आता सीटखाली शिरायचं. तिथं सगळा संसार साचलेला: माती, सरकी, कापसाचे पुंजके, केसांची एक पिन. बादल कधी घाणीत हात घालत नसे. पेट्रोलमध्ये ब्रश बुडवून त्यानं दोन्ही पट्ट्या, सीट ज्यांच्यावरून सरकते त्या, घासघासून चकचकीत केल्या. ग्रीस आणि धुळीचा काळा थर होता, तोही काढला. मग टॉर्च लावून आडवा झाला आणि आतूनच ओरडला, "आयला! सापडलं! अहो काका, मोटर नाही, स्विच नाही, वायर नाही! कोण्या शहाण्यानं मोटरचं सॉकेटच काढून ठेवलं!"

"काढून?"

"काढून! उंदीर असता तं वायर कुरतडली असती, चिंधी गुंडाळून गाठ थोडीच मारली असती!"

त्यानं गाठ सोडली. पोपटी ओढणीची पट्टी होती. सॉकेट खटकन बसवलं आणि बाहेर येऊन बटनावर बोट ठेवलं. सुधारलेली सीट या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवायची, ही त्याची जुनी खोड. घुर्रर्र करत सीट मागं निघाली.

"थांबव! बादल, थांबव रे!"

विमलताईंची किंकाळी ऐकून त्याचं बोट उचललं गेलं खरं, पण तोवर सीट शेवटाला जाऊन टेकली होती.

नानाजींनी ती पोपटी पट्टी उचलली. उलटीसुलटी केली. "हे सोनूच्या ओढणीचं हाय," ते म्हणाले.

आता कुठं बादलच्या डोक्यात उजेड पडला, आणि पडला तो अशा वेळी की जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं. सोनू, यांची एकुलती एक लेक. उंचीनं एवढीशी. ती गाडी घेऊन दुकानावरून गेली की तो ओरडायचा, "अरे पाहा, बिनड्रायव्हरची गाडी चालली!" आणि ती मुद्दाम हॉर्न वाजवत जायची. पोळ्याच्या सुमाराला तिला ताप आला, डोक्यात गेला, आणि पोरगी गेली. तो स्वतः मातीला गेला होता. तरी त्याला सुचलं नाही की सीट पुढं अडकली आहे ती कोणाच्या पायांसाठी!

"मीच काढलं," विमलताई म्हणाल्या. "तिनं सरकवून ठेवली होती. शेवटची ती बसली अन् मंग दवाखान्यात... तुमी बसले असते अन् बटन दाबलं असतं. एका बोटाचं काम, अन् तिची जागा गेली असती."

"मले सांगाचं ना, सोनूची माय."

"तुमी रोज म्हणत होते, गुडघे दुखते. कशी सांगू?"

बादल घाईघाईनं म्हणाला, "काकू, थांबा. जिथं होती तिथंच नेऊन ठेवतो. एका जागी उभी राहिली की पट्टीवर काळी रेघ पडते, त्या रेघेवर..." आणि तो वाकला. पट्ट्या लख्ख चमकत होत्या. रेघ त्यानंच ब्रशनं घासून काढली होती, एवढी मन लावून. "काकू," तो म्हणाला, "चुकलं माझं." त्याच्या तोंडून हा शब्द बायकोनंसुद्धा कधी ऐकला नव्हता.

विमलताई पुढं आल्या. जन्मात कधी त्या ड्रायव्हरच्या जागी बसल्या नव्हत्या. पदर सावरून बसल्या. "तिच्या चपला मले बरोबर होते," त्या म्हणाल्या. "पाय एवढेच होते तिचे. कोणतं बटन, बादल?"

त्यानं दाखवलं. सीट पुढं सरकू लागली. लाल पट्ट्यांच्या चपला ब्रेकला टेकल्या, तशी त्या थांबल्या. "इथं." मग थोडी मागं. "नाही, इथं." पुन्हा पुढं. दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून, डोळे मिटून बसल्या. हायवेवरून ट्रक जात होते. बादलला वाटलं, आता म्हणतील, हेच. त्यानं मनातल्या मनात सेवालाल महाराजांना हात जोडले.

विमलताईंनी डोळे उघडले. "मले नाही समजून राह्यलं," त्या म्हणाल्या. "माह्या पोटची पोर, अन् ती कुठं बसत होती ते मले सांगता नाही येऊन राह्यलं."

त्या रडल्या नाहीत. हात स्टेअरिंगवरून उचलले. मग त्यांनीच बटन उलट दाबलं आणि सीट पार शेवटापर्यंत जाईस्तोवर बोट उचललं नाही. उतरल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "बसा. उद्या कोणाची म्हातारी मेली तं तिच्या घरच्याईनं काय करावं?"

नानाजी बसले. कित्येक महिन्यांनी त्यांनी पाय लांब केले. गुडघा कुठं अडला नाही, पाय आरामात ब्रेकवर गेला, आणि तो सहा फुटी माणूस, लेकीला माती देतानाही ज्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, स्टेअरिंगवर डोकं ठेवून हमसून हमसून रडायला लागला.

"काय झालं? दुखते का?" विमलताई दारातून वाकल्या.

"नाही ना व," नानाजी म्हणाले. "रोज गुडघा आपटला की मी म्हणत होतो, सोने, सरक ना थोडी मागं, बापाले बसू दे. रोज बोलत होतो तिच्याशी. आता गुडघा कुठंच नाही आपटून राह्यला."