काडतुसांची एक डबी

ऑरिनने खिशातून पाकीट काढलं, काउंटरवर ठेवलं आणि तळहाताने दोनदा दाबून सपाट केलं. पाकीट वीजबिलाचं होतं. मागच्या कोऱ्या बाजूला त्याने यादी लिहून आणली होती. अक्षर सुटं, सरळ, पत्त्यावरच्यासारखं.

काउंटरपलीकडे वेंडेल एका रायफलचा स्क्रू पिळत होता. त्याने मान वर केली नाही.

"दुकान सहाला बंद होतं," तो म्हणाला.

"आत्ता साडेतीन वाजलेत."

"मला घड्याळ कळतं, पोस्टमन."

एकतीस वर्षं ऑरिनने त्या भागातल्या सगळ्या वाड्या-वस्त्यांवर टपाल पोचवलं होतं आणि आता त्याला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. वेंडेल त्याच्या बायकोचा, मार्व्हाचा, थोरला भाऊ. लग्नाला सव्वीस वर्षं झाली तरी त्याने ऑरिनला नावाने हाक मारली नव्हती. मार्व्हा मार्चमध्ये गेली. तिला पुरल्याच्या दुसऱ्या दिवशी वेंडेलची गाडी दारात आली. तो सरळ मागच्या पडवीत गेला, तिथल्या दोन लाकडी खुंट्यांवरून मार्व्हाची रायफल उतरवली, "बाबांची आहे," एवढंच म्हणाला आणि निघून गेला. तेव्हापासून सात महिने दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. किराणा दुकानात समोरासमोर आले तर एकजण रांग बदलायचा.

"काय हवंय?"

"रायफल. एकच, सगळ्या कामाला चालेल अशी. हरीण, एल्क, कोंबड्यांवर येणारे कोल्हे."

"कुणाला?"

"मला."

आता वेंडेलने मान वर केली. दाराजवळ उंदरांचे पिंजरे निवडत असलेल्या इर्मा म्हातारीनेही केली.

"सव्वीस वर्षं माझी बहीण मांस आणायची," वेंडेल म्हणाला, "आणि तू रस्सा ढवळायचास."

"रस्सा चांगला व्हायचा."

"व्हायचा," वेंडेल म्हणाला, जणू हे कबूल करायला दात उपटावा लागला. "दाखव ती यादी."

मोंटानात शिकारीचा मोसम त्या शनिवारी उघडत होता. आज सोमवार. फ्रीझरमध्ये मांसाची एकच पुडी उरली होती. पांढऱ्या कागदावर मार्व्हाच्या अक्षरात, 'हरीण, मागचा पाय, नोव्हेंबर'. ती उघडायची नाही असं ऑरिनने ठरवलं होतं. दुकानातलं मांस त्याला रबरासारखं लागे. शनिवारी रायफल हातात हवी होती, आणि त्यासाठी ह्या माणसाच्या दारात येणं भाग होतं. बंदुकांचं दुसरं दुकान सत्तर मैलांवर होतं.

वेंडेलने चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"दुर्बीण, चोवीस पट. चोवीस पट कशाला? चंद्रावर हरणं आहेत का?"

"कॅटलॉगमध्ये लिहिलंय की लांबच्या..."

"कॅटलॉग लिहिणाऱ्याने पायात ओले बूट घालून कधी टेकडी चढलीय का? आपल्याकडे हरीण साठ पावलांवर उठतं. चोवीस पटीत तुला त्याचा एक कान दिसेल. डावा की उजवा, तेही कळणार नाही." त्याने पेन्सिलीने ओळ खोडली. "चार पट पुरे. पुढे? दोन पायांचा टेकू. हा वाहणार कोण, मी?"

"खोड."

"नळीच्या तोंडाला लावायचं धक्का कमी करणारं यंत्र. बहिरा व्हायचंय?"

"खोड म्हटलं ना."

"पट्टा, चामड्याचा, नक्षीकाम केलेला. नक्षी कसली, गुलाब?"

तिकडे इर्मा खुदकन हसली. ऑरिनचे कान तापले.

"पट्टा कसलाही दे," तो म्हणाला. "मला लवकर निघायचंय."

"घाई आहे?"

"आहे."

वेंडेल त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. मग मागे वळून त्याने फळीवरची एक रायफल उतरवली, मागचा लोखंडी बोल्ट ओढून ती रिकामी असल्याचं पाहिलं, बोटाने चाचपलं आणि ती ऑरिनच्या हातात दिली.

"खांद्याला लाव. भिंतीवरच्या त्या पेंढा भरलेल्या माशाकडे धर. मान का वाकवतोस? रायफल डोक्यापाशी आणायची, डोकं रायफलीपाशी न्यायचं नाही. तुझे हात लांब आहेत. दस्ता आखूड पडतोय. मागे रबराची गादी बसवावी लागेल."

"बसव."

"जाड की पातळ?"

"तुला वाटेल ती."

"लाकडाचा दस्ता की प्लास्टिकचा? लाकूड दिसायला बरं. प्लास्टिक पावसात फुगत नाही."

"काहीही चालेल, वेंडेल."

"बरोबर कोण येणार शनिवारी?"

"कुणी नाही. एकटा जाणार."

"काडतुसं किती देऊ?"

"एक डबी."

वेंडेलचा हात थांबला. तो काउंटर ओलांडून बाहेर आला, ऑरिनच्या हातातून रायफल काढून घेतली आणि पुन्हा फळीवर ठेवली. मग सगळ्या रायफलींच्या कड्यांतून साखळी ओवली आणि कुलूप लावलं. किल्ली शर्टाच्या खिशात टाकून वरचं बटण लावलं.

"विकायची नाही," तो म्हणाला.

"काय म्हणालास?"

"ऐकलंस ते. घरी जा."

ऑरिनला आधी हसूच आलं. मग मानेच्या शिरा ताठल्या.

"माझ्या भिंतीवरची उचलून नेलीस. मातीसुद्धा वाळली नव्हती तिची. आता रोख देऊन मागतोय तरी देत नाहीस? चोर आहेस तू. ती असती तर तिने तुला पडवीच्या पायऱ्यांवरून ढकलून दिलं असतं."

"असती तर मी आलोच नसतो."

"मी सत्तर मैल जाईन. तिकडे घेईन."

"जा की. तू पोचायच्या आत मी त्याला फोन करीन."

"कशासाठी? मी काय केलंय तुझं?"

वेंडेल काउंटरमागे परत गेला. स्क्रू पिळायला घेतला, तर पेचकस घसरला. इर्माने पिंजरे तिथेच ठेवले आणि आवाज न करता दार ओढून बाहेर गेली.

ऑरिनने काउंटरच्या कडा घट्ट धरल्या. यादी उचलायला तो वाकला तेव्हा त्याला गल्ल्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेलं पुठ्ठ्याचं कार्ड दिसलं. ते वेंडेलकडे तोंड करून होतं. पण ज्याने एकतीस वर्षं पत्रं उलटी-सुलटी वाचली त्याला त्याचं काय. अक्षर वेंडेलचं होतं.

एकटा आला. पहिलीच बंदूक. घाई. काहीही चालेल म्हणतो. साफ कशी करायची विचारत नाही. एकच डबी.

त्याखाली रेघ ओढून: विकू नकोस. बोलत ठेव.

खाली तारीख होती, दोन वर्षांपूर्वीची. ऑरिनला ती तारीख ठाऊक होती. रस्त्यावरचं बर्फ काढणारा आर्व्हिड गेला त्याच्या दुसऱ्या दिवसाची. आर्व्हिडची शवपेटी खांद्यावर घेणाऱ्या सहा जणांत वेंडेल होता आणि स्मशानातून परतताना तो कुणाशीही बोलला नव्हता. आर्व्हिडने स्वतःवर रोखायला बंदूक कुठून घेतली, हे गावात कुणी विचारलं नव्हतं. गावात बंदुकांचं दुकान एकच.

ऑरिन सरळ उभा राहिला. आपण आत आल्यापासून काय काय बोललो ते त्याने मनात उलटीकडून मोजलं. कार्डावरची एकही ओळ सुटली नव्हती.

"दुर्बीण जुळवायला किती गोळ्या लागतात?" त्याने विचारलं.

"पंधरा. तुला पंचवीस."

"म्हणजे वीस गोळ्यांची एक डबी त्यातच गेली."

"गेलीच."

"मला माहीत नव्हतं. मार्व्हा एकच आणायची."

वेंडेलने पेचकस खाली ठेवला.

"ती वर्षाला दोन गोळ्या झाडायची," तो म्हणाला. "एक हरणाला, एक एल्कला. जुळवायची गरजच नव्हती, ती रायफल कधी हललीच नाही तिच्या हातून. एक डबी तिला नऊ-दहा वर्षं पुरायची. तू स्वतःला मार्व्हा समजतोस?"

"नाही."

बाहेर एक ट्रक गेला, काचा थरथरल्या. ऑरिन रिकाम्या काउंटरकडे बघत होता.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातला मंगळवार होता तो. दुपारी त्याने भांडी घासून पालथी घातली. मांजरीसाठी तीन वाडग्यांत खाणं आणि बादलीभर पाणी ठेवलं. पुढच्या दाराची कडी काढून ठेवली. मग तो मागच्या पडवीत गेला. भिंतीवर दोन खुंट्या होत्या आणि त्यांच्यावर काही नव्हतं. रायफल तिथे नाही हे त्याला तीन आठवडे माहीत होतं, तरी तो गेला होता. त्या खुंट्यांसमोर उभं राहून त्याने वेंडेलला शिव्या दिल्या, मोठ्याने, घसा बसेपर्यंत. शिव्या संपल्यावर झाडू घेतला आणि पडवी झाडली. ती झाडून झाल्यावर अंगणही झाडलं.

"एप्रिलमध्ये मी पडवीत गेलो होतो," ऑरिन म्हणाला. "खुंट्या रिकाम्या होत्या."

वेंडेलने पेचकस उचलून घट्ट बसलेला स्क्रू आणखी एकदा पिळला.

"हं."

"तेव्हापासून तुला शिव्या देतोय."

"इथवर ऐकू यायच्या."

दोघंही हसले नाहीत. वेंडेलने, हाताकडे बघतच, विचारलं, "आणि आता?"

ऑरिनने विचार केला. पोस्टात असताना तो कधी खोटा पत्ता खरा म्हणून चालवून घेत नसे.

"आता भूक लागते," तो म्हणाला. "सकाळी उठलो की लागते."

वेंडेल मागच्या खोलीत गेला. फळ्या सरकवल्याचा आवाज आला. परत आला तेव्हा त्याच्या हातात मार्व्हाची रायफल होती. अक्रोडाचा दस्ता, घासून काळा पडलेला, उजव्या बाजूला तारेच्या कुंपणाचा जुना ओरखडा. तेल नुकतंच लावलेलं होतं. ऑरिनने हात पुढे केला, पण वेंडेलने दिली नाही. त्याने ती लोखंडी शिकंज्यात धरली आणि दस्त्याच्या टोकाला फूटपट्टी लावली.

"बाबांनी ही तिच्यासाठी कापली, ती अकरा वर्षांची असताना. उंची वाढली की तुकडा परत जोडायचा, असं ठरलं होतं. ही बया वाढलीच नाही."

"तिला उंच म्हटलेलं आवडायचं."

"म्हणून कुणी म्हणायचं नाही." त्याने कामाच्या फळीवरचा एक लाकडाचा तुकडा उचलला. दीड इंच जाडीचा. इतकी वर्षं त्याच्यावर तेलाचा डबा ठेवलेला असे, वर गोल डाग पडला होता. वेंडेलने तो दस्त्याला लावून पाहिला. रेषा जुळल्या. लाकडाचा रंग मात्र जुळला नाही, तुकडा फिका होता.

"ही विकत नाही मी," तो म्हणाला. "ही विकायची नाहीच. पण तुझ्या हाताला आखूड पडेल. हा चिकटवून, वर पातळ रबर लावून बरोबर बसेल. गोंद वाळायला दोन दिवस. गुरुवारी ये."

"दुर्बीण?"

"हिला नाही. नेम धरायला नळीवर साधी खूण आहे. मार्व्हा तशीच मारायची, तूही तशीच मार. पट्टा कापडी देतो. साफ करायची सळई, तेल, चिंध्या. दुसऱ्या शिकाऱ्यांना दिसायला केशरी जाकीट आहे का?"

"तिचं आहे. मला बसत नाही."

"मोठं घे एक. आणि तीन डब्या."

"तीन?"

"एक माझ्या डोळ्यांसमोर वाया घालवायला."

गुरुवारी दुपारी ऑरिन आला तेव्हा रायफल तपकिरी कागदात गुंडाळून तयार होती. त्याने कागद सोडला. दस्त्यावर फिक्या लाकडाचा पट्टा, मग काळं रबर. तिला खांद्याला लावली, मान वाकवावी लागली नाही. मग त्याने बोल्टकडे हात नेला. मागे नुसतं भोक होतं.

"बोल्ट कुठाय?"

"माझ्याकडे." वेंडेलने शर्टाच्या खिशावर थाप मारली. बटण लावलेलं होतं. "डब्याही इथेच राहतील. शनिवारी पहाटे पाच वाजता घेऊन येतो."

बोल्टशिवाय रायफल म्हणजे नुसती काठी. ऑरिनला पुन्हा राग आला, मानेपर्यंत चढला.

"मी बारा वर्षांचा आहे का?"

"बारा वर्षांच्या पोराला मी दिला असता."

"आणि शनिवारनंतर?"

"पुढच्या शनिवारीही मोसम आहे. त्याच्या पुढच्याही. मग थंडी पडते." वेंडेल काउंटर पुसू लागला. "कॉफी तयार ठेव. तुझ्यासारखी पातळ नको. आमच्या घरी कॉफीच्या पुडीत अंडं फोडून करायचे तशी."

"मला येत नाही ती."

"मग शिक. दोन दिवस आहेत."

ऑरिन दारापर्यंत गेला. त्याने आभार मानले नाहीत आणि वेंडेलने वाट पाहिली नाही.

घरी आल्यावर तो सरळ पडवीत गेला आणि रायफल खुंट्यांवर ठेवली. ती पूर्वीसारखी बसली नाही. दीड इंच लाकूड आणि वरचं रबर मागून बाहेर येत होतं आणि पडवीचं दार उघडलं की दाराची कड नेमकी त्यावर आपटत होती. ऑरिनने दार दोन-तीनदा उघडून, मिटून पाहिलं. मग रायफल उतरवून बाकावर ठेवली, हत्यारांची पेटी आणली, दोन्ही खुंट्या पिळून भिंतीतून काढल्या आणि पेन्सिलीने तीन इंच डावीकडे दोन नवीन खुणा केल्या. जुन्या भोकांकडे त्याने एकदा पाहिलं. ती बुजवायला सध्या घरात काही नव्हतं.

मांजर बाकाखालून बघत होती.

"शनिवारी पाहुणा आहे," त्याने तिला सांगितलं, आणि पहिलं भोक पाडायला घेतलं.