रिकाम्या खुर्चीपुढचे घड्याळ

मित्रांनो, मी बुद्धिबळाचे एक जुने घड्याळ आहे. माझ्या एकाच लाकडी पेटीत दोन तबकड्या आहेत. खेळाडूने खेळी करून कळ दाबली की त्याचे काटे थांबतात आणि समोरच्याचे धावू लागतात. ज्याची वेळ संपेल त्याच्या तबकडीवरची लाल झेंडी पडते आणि तो हरतो. मला घडवणारा घड्याळजी म्हणायचा, "दोन्ही बाजू सारख्या चालल्या पाहिजेत. कुणालाच झुकतं माप नको." मी जन्मभर तसाच चाललो.

माझी रवानगी एका क्लबात झाली. तिथे वकील, डॉक्टर, मास्तर अशी बडी मंडळी खेळत. एके वर्षी स्पर्धेला शिंप्याची मुलगी आली. दुकानात काजे करता करता ती वडिलांकडून खेळ शिकली होती. त्या दालनात तोवर बाई आली होती ती फक्त केर काढायला. पहिल्याच फेरीत तिने मास्तरांचा धुव्वा उडवला. इतर लोक माझ्या कळा बुक्की मारल्यासारख्या दाबत, ती मात्र अलगद दाबायची. माझा तिच्यावर जीव जडला.

मास्तरांची मात्र शोभा झाली. "काय मास्तर, पोरीनं कान पिळले म्हणे!" असे जो तो विचारू लागला. मग दुसऱ्या फेरीला तिच्यासमोर कोणी आलेच नाही. डॉक्टरांची दाढ दुखू लागली. तिसऱ्या फेरीच्या गृहस्थांकडे नेमके पाहुणे आले. ती आपली खेळी करून कळ दाबी, समोरची तबकडी टिकटिकत राही आणि शेवटी झेंडी पडे. मुलीकडून हरण्यापेक्षा घड्याळाकडून हरलेले बरे, असा त्या शहाण्यांचा विचार. या कामी त्यांनी मला वापरले, याची मला अजून चीड येते.

शेवटची फेरी वकीलसाहेबांशी होती. जिंकणारा क्लबातर्फे मोठ्या स्पर्धेला जाणार होता. वकीलसाहेब शेजारच्या खोलीत चहा पीत बसले होते. त्यांचे हसणे आम्हाला ऐकू येत होते. अखेर त्यांचीही झेंडी पडली.

"जिंकलीस गं पोरी!" शिंपी आनंदाने उठले.

तेवढ्यात क्लबाचे चिटणीस म्हणाले, "न खेळता मिळालेले गुण आम्ही धरत नाही. तुमची मुलगी एकच डाव खेळलीय."

"अहो, पण तिच्यासमोर कुणी येतच नाही!"

"त्याला आम्ही काय करणार?"

ती भांडली नाही. सोंगट्या पेटीत भरता भरता एवढेच म्हणाली, "गुण जाऊ देत, बाबा. मला खेळायचं होतं."

ती पुन्हा कधीच आली नाही. मोठ्या स्पर्धेला वकीलसाहेब गेले.

आता मी कपाटात धूळ खात पडलो आहे. मित्रांनो, मला तेल घाला, किल्ली द्या, मी पुन्हा चालेन. पण वाट पाहून उठून गेलेले माणूस किल्ली देऊन परत आणता येत नाही. म्हणून कोणी पट मांडून तुमच्यासाठी थांबले असेल, तर जा. हरलात तर हरा, पण समोर बसा.