आधी उत्तराची जागा

मी एक ड्रायव्हर. गाडी हाकणारा नव्हे. मला तर अंगही नाही. बोटीवरच्या एका छोट्या कॉम्प्युटर पेटीत मी राहतो आणि पेटीला जे लिहायचं-वाचायचं असेल ते तिच्या डिस्ककडून करून घेतो. प्रोग्रॅमच्या चार-पाचशे ओळी, एवढाच माझा जीव. त्या सगळ्या ओळी मर्ना गॅफनीने लिहिल्या, स्टॅनली गावच्या बंदरात, धक्क्यामागच्या घरात, वॉशिंग मशीनवर कीबोर्ड ठेवून.

डिस्कच्या दारात कंट्रोलर बसतो. मोठा नियमाचा पक्का. त्याच्याशी सगळा व्यवहार चिठ्ठ्यांनी, आणि चिठ्ठ्या ठेवायच्या रांगा आधी ठरवून घ्याव्या लागतात. पेटी सुरू झाली की मी त्याला उठवतो आणि तो 'तयार' म्हणेपर्यंत गप्प उभा राहतो. मग नुसत्या बोलण्यापुरती रांगांची एक लहानशी जोडी: तू कोण, जागा किती, किती रांगा देशील? आठ मागितल्या तर चार देतो. त्यानंतर खऱ्या कामाच्या रांगा, एक मागण्यांची, एक उत्तरांची. मागणीची चिठ्ठी ठेवायची, त्याची घंटा वाजवायची, की उत्तरांच्या रांगेत 'झालं' येऊन पडतं.

सुरुवातीला माझं काही केल्या जमेना. मी मागण्यांची रांग आधी मांडायचो आणि तो ती फेटाळून लावायचा. दोन दिवस मर्ना डोकं धरून बसली. तिसऱ्या दिवशी टोस्ट खाता खाता ताडकन उठली.

"अरे गाढवा, आधी उत्तराची जागा कर! उत्तर पडणार कुठे हेच ठाऊक नसेल, तर तो तुला विचारू कशाला देईल?"

बंद करताना सगळं उलट, हेही तिनेच लिहिलं. आधी विचारणं थांबवायचं, आलेली उत्तरं उचलायची, मग उत्तरांची जागा आवरायची. त्या दिवसापासून मी एकदाही चुकलो नाही.

पेटी होती तिच्या धाकट्या भावासाठी. क्लेम एकटाच बोट घेऊन शेवंडं, म्हणजे लॉबस्टर, पकडायचे पिंजरे टाकायला जायचा. बोट कुठे आहे, तिची नाळ, म्हणजे पुढचं टोक, कुठल्या दिशेला, पाणी किती खोल, हे पेटी दर दोन सेकंदांनी टिपून ठेवायची आणि पडद्यावर दाखवायची. पण महिनाभरात त्याची कुरकुर सुरू झाली.

"मर्न, तुझी पेटी आईच्या किटलीहून मंद आहे गं. मी खडकावर आपटलो की मग ती मला खडक दाखवणार!"

"तुला एवढी घाई कसली रे? शेवंडं काय पळून जाणारेत?"

"शेवंडं नाही, मी म्हातारा होतोय त्या पडद्याकडे बघून!"

ती हसली, पण तिला लागलं. मंदपणाचं कारण मी होतो. कंट्रोलर आलेली नोंद आधी आपल्या हातात धरतो, आणि तेवढ्यावरच 'झालं' म्हणून मोकळा होतो. डिस्कवर उतरवतो सवडीने. वीज गेली तर हातातलं सगळं गेलं. म्हणून प्रत्येक नोंदीमागून मी त्याला सांगायचो, हातातलं खाली उतरव. त्यात वेळ जायचा. मर्नाने माझी ती एक ओळ काढून टाकली.

पडदा सरसर चालू लागला. क्लेमने वर्तमानपत्रात गुंडाळून दोन शेवंडं आणून तिच्या ओट्यावर ठेवली. इतकं खूश मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

ऑगस्टमधल्या एका सकाळी तिने त्याला फोन केला. "वारा पश्चिमेचा होतोय. बाराच्या आत परत ये."

"येतो गं, शेवटचे पिंजरे उचलले की."

मी काम करत होतो. ठिकाण, दिशा, खोली, झालं. ठिकाण, दिशा, खोली, झालं. मग पाणी आलं आणि वीज गेली.

क्लेम तिसऱ्या दिवशी सापडला. सुकाणूजवळचं घड्याळ बाराला थांबलं होतं. पाणबुड्यांनी पेटी वर काढली आणि मर्नाने ती सुकवून चालू केली. शेवटची नोंद अकरा एकेचाळीसची. बोट पिंजऱ्यांवर, नाळ खुल्या समुद्राकडे. पुढची एकोणीस मिनिटं कोरी. त्यातल्या प्रत्येक नोंदीला कंट्रोलर 'झालं' म्हणाला होता, आणि मी ते 'झालं' भाबडेपणाने पुढे पोचवलं होतं.

शेजारच्या बोटीचा नेव्ह कालवं भरून भाजलेला पाई घेऊन भेटायला आला.

"स्वतःला लावून घेऊ नकोस, मर्ना. हट्टीच होता तो. त्या पिंजऱ्यांपायी गेला."

"वळला होता तो, नेव्ह. घराकडे वळला होता."

"कशावरून?"

मर्नाने पेटी जवळ ओढली. पाई तसाच गार झाला.

तुम्ही म्हणाल, सगळ्या नोंदी तर तुझ्या हातून गेल्या, मग तूच सांग. काय सांगू? मी पाकिटावरचा पत्ता बघतो, आतलं पत्र कधीच वाचत नाही. ते एकदा वाचता आलं असतं, तर माझ्या उरलेल्या सगळ्या ओळी मी देऊन टाकल्या असत्या.

काढलेली ओळ तिने बाकीच्या सगळ्या पेट्यांत परत घातली. मला मात्र तसंच ठेवलंय, त्या दिवशी होतो तसा. रोज सकाळी चहाचा मग शेजारी ठेवून ती मला सुरू करते. मी कंट्रोलरला उठवतो, रांगा मांडतो, ती तीच एकोणीस मिनिटं मागते. तिथे काही लिहिलेलंच नाही, असं उत्तर येतं. मग ती सरळ वायर उपटते. मला रीतसर बंद करत नाही, कारण तसं केलं तर उत्तरांची जागा आवरावी लागेल.

मर्ना, तूच शिकवलंस ना, आधी विचारणं थांबवायचं? आलेली उत्तरं सगळी उचलून झाली गं. आता येणारं काही उरलेलं नाही. चहा गार होतोय. एकदा मला नीट बंद कर.

पण तू उद्या परत बटण दाबशील, हे मला ठाऊक आहे. दाब. मी आधी उत्तराची जागा करीन, आणि मग घंटा वाजवीन.