पाणी लावण्याआधीची सही

मंगळवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी रूपराव चाफले यांनी लाल गाडीवरचे कव्हर काढले. धुण्यासाठी पाण्याच्या दोन बादल्या भरून ठेवलेल्या होत्या. आठ पंचावन्नला त्यांनी त्या दोन्ही बादल्या उचलून अंगणातल्या लिंबाच्या झाडाला ओतल्या. मधल्या सव्वादोन तासांत गाडीला पाण्याचा थेंबही लागला नव्हता. रूपरावांच्या वहीची तीन पाने मात्र भरली होती.

"वीस लिटरच्या कॅनचं पानी, इकत आनलेलं, ते झाडाले?" त्यांच्या बायकोने, आनंदाबाईंनी दारातून विचारले.

"गाडी आज धुवाची नाई," रूपराव म्हणाले. "आंधी सही लागते."

गाडी त्यांच्या मुलाची, आदेशची. दोन दारांची, दोन माणसांची आणि पोट जमिनीपासून जेमतेम चार-पाच बोटे उंच. आदेशने ती पुण्यात एका डॉक्टरकडून घेतली होती. एकाच मालकाच्या हातची, एक ओरखडा नसलेली, असे त्याने कारंजातल्या सगळ्या नातेवाइकांना फोटोसकट कळवले होते. त्याची बायको मोहिनी हिने गाडीसाठी एकच अट घातली होती. रंग कोणताही चालेल, पण कुठे ठोकलेली गाडी दारात उभी राहणार नाही. मे महिन्यात कंपनीने इंजिनिअर आदेशला सहा महिन्यांसाठी जर्मनीला पाठवले, तेव्हा गाडी कारंजाला आली. चालवत मोहिनीने आणली, कारण आदेशला त्या दिवशी ताप होता. तो शेजारी बसून पुण्यापासून तिला खड्डे दाखवत आला. गाडी जुन्या गोठ्याच्या जागी बांधलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये लागली आणि निघताना आदेशने बापाला सांगितले, "बाबा, प्लीज, तिला हात लावू नका. पाणीसुद्धा नको."

हे ज्या माणसाला सांगितले त्याने बस आगारात एकतीस वर्षे गाड्या धुतल्या होत्या. ही गोष्ट आदेशला अर्थातच माहीत होती. शाळेत असताना "बाबा आगारात असतात" एवढेच तो सांगायचा, आणि ऐकणारा साहेब समजला तर समजू द्यायचा.

नोव्हेंबरात अडचण आली. आदेश शनिवारी रात्री परतणार होता, आणि रविवारी नागपूरहून अशाच दहा-बारा गाड्यांचा ताफा अमरावतीकडे जायचा होता. कारंजाच्या ढाब्यावर चहा, आणि तिथून आदेश त्यात सामील होणार. सहा महिन्यांत कव्हर असूनही सोयाबीनच्या मळणीचा भुसा गाडीच्या फटीफटीत बसला होता. गाड्या चमकवणारा नागपूरचा माणूस घरी यायचा होता, त्याने ऐनवेळी नाही म्हटले. मग सोमवारी आदेशचा संदेश आला: "बाबा, तुम्हीच धुवा. पण मी पाठवतो तसंच." सोबत नऊ पानांची सूचना होती. पहिल्या तीन शब्दांचा संदेश रूपरावांनी आनंदाबाईंना दोनदा वाचून दाखवला. नऊ पानांचा उल्लेख केला नाही.

पण वाचली त्यांनी पूर्ण. उन्हात धुऊ नये. वरून खाली यावे, चाके शेवटी. साबणाची बादली वेगळी, कापड खंगाळायची वेगळी. कापड गोल फिरवू नये, सरळ ओढावे. बापाने एकतीस वर्षे जे केले ते मुलाला इंग्रजीत आवडले होते. फक्त बोअरच्या पाण्याबद्दल त्यात काही नव्हते. कारंजाच्या पाण्याने स्टीलच्या पेल्यावरसुद्धा पांढरे ठिपके पडतात, म्हणून रूपरावांनी फिल्टरच्या पाण्याचे कॅन आणवले.

सोमवारी संध्याकाळीच महामार्गावर ट्रक धुणारे बंडूजी आपणहून आले होते.

"काऊन एवढा ताप करून घेता भाऊ? आना माह्याकडे. दहा मिन्टात चकाचक. चौदा चाकाचा ट्रक धुतो मी, हे तं चिमनी हाय."

"तुमच्या रॅम्पवर चढन काय?"

बंडूजी खाली वाकले, गाडीच्या पोटाखाली हात घातला, आणि मनगटाशी अडकल्यावर काढून घेतला. "थोडं पोट घासन. खालून कोन पायते?"

"मी पायतो."

"अन् प्रेशर थोडा कमी ठेवतो."

"ट्रकचा चिखल पुसलेलं फडकं बी तेच राहीन ना?"

"तुमी काई बदलले नाई भाऊ," बंडूजी उठत म्हणाले. "आगारात बी डायवर लोक तुमाले पंचच म्हनत."

ते खरे होते. नोकरीच्या बाराव्या वर्षी एका ड्रायव्हरने गाडी धुताना आरसा फुटल्याचा आरोप रूपरावांवर केला होता. आरसा आधीच फुटलेला होता, पण ते लिहिलेले कुठे नव्हते. लेखी ताकीद मिळाली. त्यानंतरच्या एकोणीस वर्षांत एकाही बसला त्यांनी सहीशिवाय पाणी लावले नाही. आधी गाडीभोवती एक फेरी, जे जे मोडलेले-पोचलेले दिसेल त्याची वहीत नोंद, आणि गाडी आणून सोडणाऱ्याची सही. ड्रायव्हर न वाचता सही करू बघत. रूपराव ते चालवून घेत नसत. प्रत्येक नोंद मोठ्याने वाचत, मगच पेन पुढे करत.

मंगळवारची फेरी तशीच झाली. तिरप्या उन्हात उकिडवे बसून ते गाडीच्या अंगावरून नजर सरळ सोडत होते. नाकावर खड्यांचे सात ठिपके. उजव्या आरशाखाली नखाची रेघ. मांजराच्या पायाचे ठसे, चार, कव्हराखालून कसे ते अज्ञात. बावीस नोंदी झाल्या आणि ते डाव्या बाजूच्या मागच्या मडगार्डपाशी आले.

तिथला लाल रंग त्यांना जास्त लाल वाटला. बोटाच्या पेराने हळू ठोकले. उजवीकडचा पत्रा टणकन वाजला होता, हा नुसता भद्द वाजला. ते घरात गेले आणि आदेशने पाठवलेला पवनचक्कीच्या आकाराचा चुंबक फ्रिजवरून काढून, मलमलच्या कापडात गुंडाळून घेऊन आले. उजव्या मडगार्डला पवनचक्की घट्ट चिकटली. डाव्याला लावताच ती त्यांच्या तळहातात पडली. पोचा भरायची लांबी तिथे पत्र्यावर जाड थापलेली होती. दाराच्या काळ्या रबरावर लाल रंगाचे बारीक शिंतोडे होते, आणि लांबीच्या कडेला केसाएवढी एक चीर. त्या चिरेत पाणी शिरले की रंग फुगणार, आणि फुगला की सुटणार. आगारात असे मडगार्ड त्यांनी डझनाने पाहिले होते.

"नोंद तेवीस," त्यांनी लिहिले. "डावे मागचे मडगार्ड ठोकलेले. लांबी भरून दुसऱ्यांदा रंगवले आहे. कडेला चीर."

पुढच्या आठ नोंदी त्यांनी नेहमीच्याच अक्षरात लिहिल्या आणि बादल्या ओतल्या.

आनंदाबाईंना त्यांनी सगळे सांगितले. "पोराले फसवलं कोनंतरी," त्या म्हणाल्या. "खोडून टाका ते तेवीस. काऊन त्याचा जीव जाळता? येवढा खूश होऊन राह्यला."

"खोडलं अन् उद्या रंग सुटला, तं कोनं सोडवला?"

"तुमचा पोरगा हाय तो. डायवर नाई."

"म्हून तं जास्त लागते सही."

साडेबाराला त्यांनी फोन लावला. तिकडे सकाळचे आठ वाजले होते.

"आदू, गाडी धुवाच्या आंधी सही पायजे होती."

"कसली सही?"

"जे हाय ते हाय म्हून."

आदेश हसला. "बाबा, ती बस नाहीये. तिच्यावर एक ओरखडा नाही, तुम्ही लिहिणार काय?"

"मंग सही कराले काय जाते?"

"फोटो पाठवा. न वाचता करून देतो."

"वाचूनच करजो," रूपराव म्हणाले आणि तिन्ही पानांचे फोटो पाठवले. दोन्ही खुणा निळ्या झाल्या. मग चाळीस मिनिटे काही आले नाही. एक वाजून बावीस मिनिटांनी आले: "नंबर २३ मोहिनीला दाखवू नका." लगेच दुसरे: "त्या बाजूला पाणी हळू मारा."

एवढी नेमकी सूचना नऊ पानांत एकही नव्हती. ठोकलेली गाडीच घेतली होती की घेतल्यावर ठोकली, ते मात्र संदेशात नव्हते. फसवले कोणी, हा प्रश्न आनंदाबाईंनी पुन्हा काढला नाही. रूपरावांनी उलट लिहिले: "सही?" त्याच्याही खुणा निळ्या झाल्या. शुक्रवारी अंगठ्याचे चित्र आले. रूपरावांच्या वहीत अंगठा चालत नव्हता, आणि इंजिनिअरचा तर नाहीच.

तोवर चार दिवस गाडी कव्हराखाली होती आणि कॅन ओसरीवर. धुतली नाही तर रविवारी सगळ्या ताफ्यासमोर आदेश म्हणणार, बाबांना एक गाडी धुता आली नाही. धुतली आणि रंग फुगला, तर सुनेला सांगायला आदेशजवळ कारण तयार होते. ते कारण ओसरीवर कॅनच्या शेजारी बसले होते. रूपरावांना ते दिसत होते. आदेश तसे सांगेल असे त्यांना वाटत नव्हते. आरशाच्या त्या ड्रायव्हरबद्दलही वाटले नव्हते.

शनिवारी सकाळी नऊ चाळीसला मोहिनी नागपूरहून येणाऱ्या बसमधून उतरली. आदेशच्या आधी ती येणार हे ठरलेलेच होते. पाया पडून, पाणी पिऊन तिने पिशवीतून शाम्पूची बाटली आणि धुण्याचे दोन मऊ हातमोजे काढले.

"बाबा, आज आपण दोघं धुऊ. तुम्ही सांगा, मी करते."

"धुवू ना. पन थांब जरा, बेटा."

"सहीसाठी ना?" ती हसली. "आई सांगत होत्या फोनवर, तुमची वही आहे म्हणून. आदेश तर मला काहीच सांगत नाही. आणा, मी करते सही."

रूपरावांनी आनंदाबाईंकडे पाहिले. त्या शेगडीवर चहा उतू जात असल्यासारख्या आत गेल्या. चहा अजून ठेवलेला नव्हता.

"गाडी आदेशची हाय," रूपराव म्हणाले. "सही त्याची लागन."

"आणून सोडणाऱ्याची लागते ना? आईंनी तसंच सांगितलं. पुण्याहून इथवर मीच चालवत आणली. त्याला ताप होता."

नियम तोच होता. एकोणीस वर्षांत तो त्यांनी आगारप्रमुखासाठीही मोडला नव्हता. या मंगळवारी एकदा मोडला होता, कारण फोन त्यांनी मुलाला लावला.

"अन् वाचून दाखवा हं," मोहिनी म्हणाली. "मी न वाचता सही करत नाही."

दहा वाजून दहा मिनिटांनी शेडमध्ये कव्हर काढले गेले. रूपरावांनी चष्मा लावला आणि एक नंबरपासून सुरुवात केली. मोहिनी प्रत्येक नोंदीला त्या त्या जागी वाकून, हात न लावता बघत होती आणि "बरोबर" म्हणत होती. मांजराच्या चार ठशांना ती हसली. अठराव्या नोंदीला तिने मागच्या काचेवरची एक रेघ स्वतःहून दाखवली. रूपरावांनी ती तिथल्या तिथे लिहून घेतली, अठरा अ.

बाविसावी नोंद संपली तेव्हा अकराला पाच मिनिटे कमी होती. मोहिनी गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला मागे येऊन उभी राहिली होती.

"पुढचं?" तिने विचारले.

अकरा वाजले तरी रूपराव चष्मा पुसत होते. वही उघडी होती, सहीची जागा रिकामी होती आणि गाडी कोरडी होती.