कुमारकाकांचं क्रियापद

एर्लांगेनच्या मराठी मंडळात प्रमुख पाहुण्यांचा परिचय लिहायचे कुमारकाका आणि तो तपासून मंचावरून वाचायची वल्लरी. काका मूळचे इंदूरचे. निम्मं आयुष्य जर्मनीत गेलं, तरी त्यांच्या मराठीतली हिंदी काही गेली नव्हती, आणि त्यांना त्याची खंतही नव्हती. वल्लरी पुण्याची. भौतिकशास्त्रात मास्टर्स करून आता वैद्यकीय उपकरणांच्या लॅबमध्ये लागलेली. शब्द नेमका नसला की तिला बुटात खडा गेल्यासारखं व्हायचं.

संक्रांतीच्या कार्यक्रमाला या वेळी नगर परिषदेतले हेर, म्हणजे श्रीयुत, ट्राउटनर येणार होते. बोलावण्यामागचं कारण सरळ होतं. वल्लरी दर रविवारी ज्या हॉलमध्ये मुलांचा मराठी वर्ग घ्यायची, तो उन्हाळ्यात पाडणार होते. दुसरा हॉल द्यायचा की नाही हे ठरवणाऱ्या समितीचे ट्राउटनर अध्यक्ष होते. हॉल मिळाला नाही तर वर्ग बंद. एवढी मुलं कुणाच्या दिवाणखान्यात मावणार?

काकांचा मजकूर आला. शेवटचं वाक्य होतं, ‘तरुणपणी हेर ट्राउटनर यांनी देशाची सैन्यसेवा चुकवली आणि आज ते तरुणांना त्याच कर्तव्याची आठवण करून देत आहेत.’

वल्लरी इतक्या मोठ्याने हसली की शेजारच्या खोलीतून तिचा मामेभाऊ वेदांग डोकावला. तिने लगेच काकांना फोन लावला.

“काका, ‘चुकवली’ म्हणजे काय हो?”

“म्हणजे काय म्हणजे? फेडली! देशाचं ऋण चुकवलं. आपण बिल चुकवतो की नाही?”

“बिल तुम्ही इंदूरला चुकवता. पुण्यात बिल चुकवलं तर हॉटेलवाला मागे धावतो.”

काका खो खो हसले. “मग लिही ‘पूर्ण केली’. तुम्ही पुणेकर म्हणजे ना, एकेका शब्दाचा जीव घ्याल!”

वल्लरी शब्द बदलायला बसली आणि थांबली. ‘पूर्ण केली’ हे विधान होतं, आणि विधान तपासायला हवं. ट्राउटनर यांच्या वेबसाइटवर त्यांची सगळी कारकीर्द होती. फोर्खहाइमला शाळा संपली, त्याच उन्हाळ्यात पश्चिम बर्लिनमध्ये शिक्षण सुरू. मध्ये सैन्य कुठेच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवताना तिने लॅबमधल्या गुड्रूनला विचारलं. गुड्रून निवृत्तीला आलेली.

“शाळा संपल्या संपल्या पश्चिम बर्लिन?” गुड्रून गालात हसली. “म्हणजे तुला ठाऊक नाही वाटतं. ते शहर तेव्हा दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात होतं. आपल्या सैन्याचा हुकूम तिथे चालायचा नाही. तिथे राहायला गेलेल्या पोरांना सक्तीच्या भरतीचं बोलावणं येत नसे. माझा भाऊही गेला होता. सांगायचा, संगीतासाठी जातोय. त्याला धड शीळ वाजवता येत नाही!”

“म्हणजे बेकायदेशीर नव्हतं?”

“बोलावणं यायच्या आत गेलं तर मुळीच नाही. पण मग आता या माणसाने सक्तीच्या भरतीवर भाषणं देऊ नयेत.”

ती भाषणं वल्लरीनेही ऐकली होती. सक्तीची भरती मध्यंतरी बंद झाली होती; अठरा वर्षांच्या मुलांना आता लष्कराची नुसती प्रश्नावली यायची. जर्मन नागरिक असलेल्या वेदांगलाही आली होती. ट्राउटनर म्हणत, नुसत्या प्रश्नावलीने भागणार नाही, प्रत्येकाला गणवेशात उभं करा. थोडक्यात, काकांचं क्रियापद चुकून बरोबर पडलं होतं.

काकांना हे सांगितल्यावर त्यांचा आवाज चढला. “अगं, हा परिचय आहे की पोलीस चौकशी? ‘पूर्ण केली’ वाच आणि मोकळी हो. त्याला मराठी कुठे कळतंय?”

“मुलांना कळतं, काका. उत्तर जर्मनमध्ये देतात, पण कळतं सगळं.”

“संक्रांत आहे बाळा, निदान त्या दिवशी तरी गोड बोल. तुझ्याच वर्गासाठी चाललंय ना सगळं?”

“त्या वर्गात मी शब्दांचे अर्थच शिकवते, काका.”

रविवारी ट्राउटनर वेळेआधी आले. उंच, हसतमुख, हातात कुणीतरी ठेवलेला तिळाचा लाडू. वल्लरीने त्यांना कोटांच्या खुंट्यांपाशी गाठलं आणि सगळं सरळ जर्मनमध्ये सांगितलं.

त्यांना गंमत वाटली. “म्हणजे फेडणं आणि टाळणं, दोन्हीला एकच शब्द?”

“बोलणारा कुठल्या गावचा, त्यावर आहे.”

“राजकारणासाठी याहून चांगला शब्द सापडायचा नाही. राहू द्या तोच.”

“राहू देते. पण मग पुढे एक वाक्य घालावं लागेल, म्हणजे अर्थ एकच निघेल. ‘शाळा संपताच ते पश्चिम बर्लिनला राहायला गेले.’”

ट्राउटनर यांचं हसू थांबलं. “हॉलचा अर्ज तुमचाच ना?”

“माझाच.”

“आणि तरीही?”

“तुमची हरकत असेल तर सैन्याचा उल्लेखच गाळते. पण तुम्ही सेवा केलीत, असं माझ्या तोंडून येणार नाही.”

त्यांनी लाडू मोडला, अर्धा तोंडात टाकला आणि सावकाश चावला. “गाळा. मीच बोलतो.”

परिचय झाला. काकांनी पाहुण्यांना शाल पांघरवली, नारळ दिला आणि वल्लरीकडे जरा धास्तीनेच पाहिलं. ट्राउटनर माइकपाशी गेले. खिशातला कागद त्यांनी काढलाच नाही.

“मी एकोणीस वर्षांचा असताना बर्लिनला पळालो,” ते म्हणाले. “लोकांना सांगत आलो, शिकायला गेलो. सैन्यात जायचं नव्हतं म्हणून गेलो. सक्तीची सेवा हवी, असं मला आज खरंच वाटतं. पण हे सांगणारा माणूस स्वतः गेला नव्हता, हे तुम्हाला माहीत असायला हवं.”

मागच्या रांगेतून वेदांग उठला. जर्मनमध्येच त्याने विचारलं, “भीती वाटली होती?”

“फार.”

“मग मीही बर्लिनला जाऊ का?”

“आता उपयोग नाही. हल्ली तिथेही प्रश्नावली येते!”

आधी मुलं हसली, मग आईबाप. काका सर्वांत शेवटी, पण सर्वांत मोठ्याने.

चहाच्या वेळी ट्राउटनर वल्लरीजवळ आले. “हॉलचं आज मी काही कबूल करत नाही. शाल घेतली आणि हॉल दिला, असं दिसेल.”

“नका करू कबूल. गुरुवारी समितीपुढे मी स्वतः बोलणार आहे.”

“बाकीचे सदस्य विचारतील, मराठीलाच का? इतर भाषांनी काय पाप केलंय?”

“विचारू देत. तुर्की आणि युक्रेनियन वर्ग घेणाऱ्या बायकांशी माझं बोलणं झालंय. त्यांचेही वर्ग त्याच इमारतीत आहेत. हॉल आम्हाला तिघींना मिळून हवाय. वेळा वाटून झाल्या आहेत, झाडलोट आमची आम्ही करू.”

ट्राउटनर यांनी नारळ काखेत धरला आणि दुसऱ्या हाताने फोनच्या कॅलेंडरमध्ये गुरुवार उघडला.

“मग तिघीही या,” ते म्हणाले. “आणि लवकर या. पहिला विषय तुमचा घेतो.”