विचारपूस

शिपाई मानसोपचाराच्या खोलीचं दार ओढून घेणार, तोच तिने फटीत पाय घातला.

"बाई, डॉक्टर निघाल्या. पुढच्या सोमवारी या."

"मागच्या सोमवारीही हेच म्हणालात. निघू दे त्यांना. माझ्या अंगावर पाय देऊन जाऊ दे!"

औषधांच्या खिडकीपुढची सगळी रांग वळून बघायला लागली. बघू दे. लाज तिने कधीच खुंटीला टांगली होती. मागे बाकावर नवरा बसला होता, हात मांडीत, नजर फरशीवर. तो शहर बसचा ड्रायव्हर. एका वळणावर सायकलवाला चाकाखाली आला आणि गेला. चौकशीत याची चूक नाही असं ठरलं, पण त्यानंतर याने स्टिअरिंगला हात लावला नाही. मग जेवण सुटलं, मग बोलणं.

थोरले दीर म्हणाले, मन घट्ट कर. सासूबाई म्हणाल्या, एवढा बाप्यामाणूस आणि ही कसली थेरं! नणंदेने तर बजावलंच, बाहेर कुठे बोलू नका, आमच्या पोरीचं लग्न ठरायचंय. अक्कल शिकवायला सगळं घर पुढे. त्याला आंघोळीला उठवायला मात्र ही एकटी. ब्लाउज शिवायला बसली की मशीन असं दामटायची, की शेजारीण भिंतीवर थापा मारायची.

"येऊ द्या त्यांना," आतून आवाज आला.

डॉक्टर तरुण होती आणि थकलेली. पर्स खांद्याला तशीच होती. "आठवड्याचे बाकीचे दिवस मला दुसऱ्या दवाखान्यांत जावं लागतं. माझ्याशिवाय कोणी नाही," ती म्हणाली आणि बसली. "झोप लागते का यांना?"

प्रश्न नवऱ्याला खुर्चीत बसवून मागे उभ्या राहिलेल्या बायकोला होता.

"जेवतात का?"

पुन्हा बायकोलाच. तिचं डोकं सणकलं.

"माझ्याकडे काय बघता? माणूस समोर बसलाय! घरचे यांच्या डोक्यावरून बोलतात, आता तुम्हीही तेच करा. यांना विचारा ना!"

डॉक्टर ओशाळली. पर्स खाली ठेवून तिने खुर्ची त्याच्याकडे वळवली.

"चुकलं माझं. सांगा, काय होतंय तुम्हाला?"

त्याची नजर फरशीवरच. दारात शिपाई किल्ल्या वाजवत उभा. आता हा आपल्याला तोंडघशी पाडणार, तिला वाटलं. एवढं भांडून आत आणलं आणि हा बसलाय मुखदुर्बळ.

"माझं नंतर," तो म्हणाला. आवाज गंजल्यासारखा येत होता. "आधी हिला विचारा. रोज न्हाणीघरात नळ मोठा सोडते आणि रडते."



"म्हणजे ऐकू येत होतं?" ती कडाडली. "सगळं ऐकत होतात आणि दगडासारखे पडून राहिलात?"

"उठायला बघायचो गं." त्याने पहिल्यांदा मान वर केली. "उठवायचंच नाही."

तिच्या तोंडाशी खूप काही आलं होतं. इतके महिने साठलेलं, पाठ झालेलं. त्यातलं एकही वाक्य या उत्तराला लागू पडेना.

डॉक्टरने शिपायाला खूण केली. कुरकुरत त्याने बाहेरून आणखी एक खुर्ची ओढत आणली.

"मला काही झालेलं नाही," ती म्हणाली. तितक्याच रागाने म्हणाली, आणि बसली.