निमियाबाईंची मुलाखत

आमची कंपनी नऊ माणसांची. असुन्सिओनमध्ये एका दंतवैद्याच्या दवाखान्यावरच्या तीन खोल्या. गुराढोरांच्या डॉक्टरांना लागणारं सॉफ्टवेअर विकायचं, एवढाच धंदा. पण आमचा मालक डेर्लिस पाच महिने परदेशात राहून आला आणि आपण जग बदलतोय असं त्याला वाटायला लागलं. जग राहू दे, त्याच्याच्यानं संडासाचा नळ दुरुस्त झाला नव्हता.

फेब्रुवारीत एक अनुभवी प्रोग्रामर हवा होता. मुलाखतीला आल्या निमिया ओर्तेयादो. वय एक्कावन्न. शेजारच्या लुके गावातल्या एका पतसंस्थेची सगळी यंत्रणा त्यांनी एकोणीस वर्षं एकहाती सांभाळलेली. ती संस्था दुसरीत विलीन झाली आणि बाई घरी बसल्या. अंगात इस्त्रीचा पांढरा ब्लाऊज, हातात फाइल. समोर डेर्लिस अर्ध्या चड्डीत, खुर्चीवर मांडी घालून. मी कोपऱ्यात, टिपणं घ्यायला.

"निमिया, इथे सगळे अरे-तुरे करतात हं. अहो-जाहो नाही," डेर्लिस म्हणाला.

"तुमचं चालू द्या. मला ओळखीशिवाय जमत नाही."

"बरं. सांग बघू, या खोलीत संत्री किती मावतील?"

"खोली रिकामी करून, की तुम्ही बसलेले धरून?"

मला हसू फुटलं. मी ते खोकल्यात ढकललं.

मग डेर्लिसनं फळ्यावर एक कोडं लिहिलं. कुठून तरी उतरवून आणलेलं; उत्तराचा कागद त्याच्या मांडीखाली. बाईंनी चार मिनिटांत सोडवलं, खडू ठेवला आणि तो कागद मागून घेतला.

"यादी रिकामी आली तर तुमचं उत्तर कोसळतं," त्या म्हणाल्या. "इथे, तिसऱ्या ओळीत."

डेर्लिसचे कान लाल झाले. "ते ठीक आहे गं. आम्ही माणसातली कामाची ओढ बघतो. आम्ही इथे एक कुटुंब आहोत. रविवारी काम निघालं तर येशील ना?"

"येईन. पण माझं खरं कुटुंब रविवारी घरी जेवायला असतं, तेव्हा आदल्या दिवशी सांगा."

मी तेरेरेचा, म्हणजे बर्फाच्या पाण्यात भिजवलेल्या पाल्याच्या आमच्याकडच्या चहाचा, पेला भरून त्यांच्यापुढे केला. त्यांनी एकदाच पिऊन "पुरे" म्हणत तो परत दिला आणि त्या फाइल उचलून गेल्या.

"हुशार आहे," डेर्लिस म्हणाला, "पण आपल्यात मुरणार नाही. आईसारखी बघते रे. सिरियाको, तू लिही नकार. जरा गोडात."

मी लिहिला. 'आपला अनुभव मोलाचा आहे, मात्र आमच्या कार्यसंस्कृतीशी...' असलं सगळं गुळमट. खाली माझं नाव.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला.

"तू तो कोपऱ्यातला ना? खोकणारा?"

"हो, निमियाबाई."

"मी वाईट होते का रे?"

"नाही. इतक्या वर्षांत एवढी चांगली मुलाखत आमच्याकडे झाली नाही."

"मग हे पत्र तू लिहिलंस?"

"मला मत नव्हतं विचारलं."

"विचारलं असतं तर दिलं असतंस?"

खालून दात कोरायच्या यंत्राची घरघर येत होती.

"तो मालक बिचारा मूर्ख आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "त्याला कळतच नाही, त्याचं काय मनावर घ्यायचं? तुला कळतं. राहा तिथेच, शोभतोस."

फोन ठेवला गेला.

त्या जागेवर डेर्लिसनं मेहुण्याला घेतलं. त्याला काहीच विचारलं नाही. मेहुणा रुजू झाला त्या दिवशी दुपारी मी राजीनामा लिहायला बसलो. दोन ओळी झाल्या. इतक्यात डेर्लिसची हाक आली, "सिरियाको, अरे ह्याचा संगणक चालू होत नाही, बघ ना जरा!"

मी उठलो आणि गेलो.